पन्नाशीवरील गटात दोन व्याही

...आणि तेही मे महिन्यात हो! म्हणजे डिसेंबर-जानेवारी असता, पहाटेचा गारवा असता, तर मीही म्हटलं असतं, चला, हौस आहे माणसाची. पण मे महिना, बेलापूर, ऊन डोक्यावर आलेलं, रस्त्याचं डांबर वितळून चपलेला चिकटतंय, समोर खडीच्या खाणींनी अर्धा खाल्लेला डोंगर, आणि त्या डोंगरावर आमच्या समोरच्या ब्लॉकमधले वामनराव पोंक्षे पळताहेत! पळताहेत म्हणजे... त्यांच्या मते पळताहेत. बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थांचं काहीतरी हरवलंय आणि ते रस्त्यावर शोधताहेत. वय वर्षं बावन्न, सरकारी नोकरी, अंगात बनियन, बनियनला टाचण्यांनी लावलेला नंबर, आणि चष्मा पडू नये म्हणून मागून पायजम्याची नाडी बांधलेली! आता मला सांगा, ह्या माणसाला ट्रायथलॉन करायला सांगितलं होतं कुणी?

ट्रायथलॉन म्हणजे काय, हे आम्हाला सत्त्याण्णव सालापर्यंत माहीत नव्हतं, आणि नसतं कळलं तरी काही बिघडलं नसतं. आधी पोहायचं, मग त्याच ओल्या चड्डीनिशी सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून जिवंत उतरलात तर पळायचं. सलग! मध्ये चहा नाही. त्यात पहिलं बक्षीस म्हणजे पितळी ढाल. अहो, ती ढाल पुन्हा चिंचेनं घासायची कुणी? त्यांच्या सौभाग्यवतींनी, सुमेधावहिनींनीच ना!

पण खरं कारण वेगळंच होतं. तुम्हाला सांगतो, ह्या सगळ्याच्या मुळाशी होतं लग्न. वामनरावांचं नव्हे हो, त्यांच्या आशुतोषचं. आशुतोष तुर्भ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. तिथेच अकाउंट्सला जागृती भोईर. बेलापूर गावातली, आगरी समाजातली, हुशार, बोलायला चटपटीत. जमलं दोघांचं. घरी सांगितलं. आणि नवल म्हणजे दोन्ही घरांत कुणीही ताट भिरकावलं नाही! जातीपातीवरून गोंधळ होईल म्हणून आम्ही सगळा मजला कान लावून बसलो होतो, तर वामनराव म्हणाले, "मुलगी एम.कॉम. आहे, उत्तम." झालं. आमची पार निराशा.

मग ठरली बैठक, जागृतीच्या घरी. तिचे वडील नामदेवशेठ भोईर म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. पूर्वी भातशेती, मिठागर. नवी मुंबई झाली, जमीन गेली, तेव्हा मग चाळी बांधल्या, भाडेकरू ठेवले, बंगला उठवला, बुलेट घेतली. माणूस अंगानं दांडगा, मनानं मोकळा, आवाज असा की घरात हळू बोलला तरी बाहेर बांधलेली म्हैस वळून बघते. चहा झाला, पोहे आले, मुलांनी एकमेकांकडे बघून लाजून झालं. आणि मग वामनरावांनी घसा खाकरून सांगितलं, "आमचं म्हणणं असं की, कार्य आटोपशीर असावं. एखादा हॉल, दीडशे माणसं. मुहूर्त लागला, जेवणं झाली, दोनला हॉल रिकामा."

नामदेवशेठ म्हणाले, "दीडशे? दीडशे मानसा तर माझे घरान सकाली च्या प्याला येतान! माझे पोरीचा लगीन हाय, व्याही. पाच हजार तरी जेवाला पायजेत. मैदानावर मांडव घालू."

"पाच हजार!" वामनरावांचा पोहा घशात. "अहो, लग्न आहे की निवडणूक?"

आणि ठिणगी पडली. हे म्हणतात उधळपट्टी, ते म्हणतात चोरून लगीन करताव काय. हे म्हणतात साधेपणा ही आमची पद्धत, ते म्हणतात मानसा हीच आमची पद्धत. शेवटी वामनराव उठले. जागृतीच्या डोळ्यांत पाणी. आशुतोष आपला सोफ्यावर बसून, नख कुरतडत. आणि निघता निघता नामदेवशेठ त्याच्या दंडाकडे बघून बोलून गेले, "पोरगा जरा बारीक हाय. वारा-वादलात धरून ठेवावा लागंल."

संपलं! वामनराव गर्रकन वळले. "आमच्या घराण्यात सगळे काटक आहेत, म्हटलं! मी स्वतः रोज सकाळी नेरुळ स्टेशनपर्यंत चालत जाऊन पेपर आणतो!"

"आसं?" नामदेवशेठ हसले आणि त्यांनी दाराबाहेरच्या खांबावरच्या पोस्टरकडे बोट केलं. गावच्या मंडळानं स्पर्धा ठेवली होती. पोहणं गावच्या तलावात, सायकल खाडीकडच्या अर्धवट झालेल्या रस्त्यावर, धावणं पारसिकच्या डोंगरावर. खाली लिहिलेलं : 'खास आकर्षण, पन्नाशीवरील गट.' "उतरताव काय? मीपन उतरतो. जो आदी वर पोचंल, लगीन त्याचे पद्धतीनं."

अहो, मान हलवून घरी यायचं की नाही? पण नाही! वामनराव म्हणाले, "उतरतो."

सांगितलं होतं कुणी!

मग काय, सुरू झाली तयारी. आम्ही विचारलं, "वामनराव, हे काय?" तर म्हणे, "काही नाही हो, तब्येतीसाठी." पहाटे जिन्यात धाडधाड आवाज, बघावं तर वामनराव चौथ्या मजल्यापर्यंत चढउतार करताहेत... "तब्येतीसाठी!" संध्याकाळी पलंगावर पालथे पडून हातपाय मारताहेत, सुमेधावहिनी उशी सरकवताहेत... "पोहण्याचा सराव. तब्येतीसाठी!" पोहायला ते शिकले होते कोकणात, गावच्या विहिरीत, आठवीत असताना. त्यानंतर पाण्याशी संबंध आला तो बादलीपुरता. सुमेधावहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे जिंकले तर भोईर दुखावणार आणि हरले तर हे दुखावणार. दोन्हीकडून लग्न मोडतंय माझ्या पोराचं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा नुसता हसण्यावारी न्यायचा मामला नाही.

उजाडला तो रविवार. स्पर्धा सकाळी सहाला सुरू होणार होती. प्रमुख पाहुणे आले नऊला. त्यांनी क्रीडासंस्कृतीवर भाषण केलं ते दहापर्यंत. तोपर्यंत स्पर्धक उन्हात उभे राहून अर्धे शिजलेले! जीपवर भोंगा लावून हौसेराव निवेदक तयार. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना साधं बोलताच येत नाही, सगळं कुस्तीच्या फडातल्यासारखं : "आणि मंडळीऽऽ, पन्नाशीवरील गटात यंदा विक्रमी सहभाग! एकूण स्पर्धक दोऽऽन!"

शिट्टी झाली. नामदेवशेठनी तलावात सूर मारला तो असा की काठावरची पोरंसोरं भिजली. त्याच तलावात लहानपण गेलेलं, सपासप हात मारत निघाले. आणि आमचे वामनराव पायऱ्यांवरून एक एक पाऊल, कसं, नवी सून उंबरा ओलांडते तसं, पाण्यात उतरले. मान वर, चष्मा वर, दोन हातांनी पाणी बाजूला सारत, गर्दीतून 'जरा सरका, जरा सरका' करत जावं तसे पुढे निघाले. निम्म्यात गेले, दमले, आता बुडतो म्हणून त्यांनी देवाचं नाव घेऊन पाय सोडले... तर पाय टेकले! अहो, मे महिना! तलाव आटलेला! घाटाजवळ काय ते खोल, मध्ये सगळीकडे मांडीपर्यंत पाणी! वामनराव उभे राहिले आणि चक्क चालू लागले. काठावरून पंच ओरडतोय, "ओ काका, चालू नका! पोहा!" हे म्हणतात, "पोहायला पाणी तर द्या!" पुढे एक म्हैस निवांत बसलेली. ती काही सरकेना. वामनरावांनी तिला विनंती केली. खरंच सांगतो, विनंती केली, "बाई, जरा बाजूला होता का," म्हणून. ती जागची हलली नाही. शेवटी तिला वळसा घालून, कमरेपर्यंत चिखलात माखून बाहेर आले तेव्हा नामदेवशेठ केव्हाच सायकलवर बसून गेले होते.

गेले होते म्हणजे, तिथेच तर गंमत! नामदेवशेठनी कुणाकडून तरी गिअरची सायकल आणलेली. झकपक, लाल, बारीक टायर, आणि सीट कशी? तर साबणाच्या वडीएवढी! माणूस वीस वर्षं बुलेटवर बसलेला, त्या सीटवर काय बसणार! ह्या गिअरला टाकली तर पाय गरगर फिरतायत आणि सायकल जागच्या जागी, त्या गिअरला टाकली तर पॅडल हलत नाही. पाठीमागून वामनराव आले आपल्या काळ्या सायकलवरून. मडगार्ड, स्टँड, कॅरियर, चेनकव्हर, सगळा संसार घेऊन! कॅरियरला डबा लावायची सवय, म्हणून डबाही लावलेला. टिंगटिंग घंटी वाजवली आणि व्याह्यांना ओलांडून गेले. "तब्येतीसाठी!" असं ओरडले म्हणतात जाता जाता.

वाटलं, जिंकले! पण रस्ता जात होता कुठून? नामदेवशेठच्या भाऊबंदांच्या वाड्यांवरून. आणि त्या रस्त्यावर अख्खं गाव उभं! पहिल्याच वळणावर पुतळाबाई, म्हणजे जागृतीची आई, पाचसहा बायांना घेऊन आडवी. "आवो, व्याही आले, व्याही आले! थांबवा!"

"मी स्पर्धेत आहे!" वामनराव.

"मंग? स्पर्धेन काय उपाशी राव्हाचा?" हातात कलिंगडाची फोड. ती संपते न संपते तोच ताक. ताक संपतंय तर शहाळं. पुढच्या वळणावर एक म्हातारी, तिनं सायकलचं हँडलच धरलं, गाल कुरवाळले आणि बोटं मोडून म्हणाली, "आमचे जागृतीचा सासरा! काय रं बाबा, आवऱ्या उनाचा कनी पाठवला तुला?" आता काय सांगणार त्या माऊलीला, कुणी पाठवलं? कुणी नाही पाठवलं! सांगितलं होतं कुणी!

असं प्रत्येक वळणावर. लिंबू सरबत, कोकम, पुन्हा ताक. कुणी डोक्यावर ओला पंचा टाकतंय, कुणी पाठीवर तांब्या ओततंय. वामनरावांच्या पोटात नुसता डुबुक डुबुक आवाज. पण मला नंतर म्हणाले, "तुम्हाला खोटं वाटेल, आमच्या बिल्डिंगमध्ये बारा वर्षं राहतोय, मला कुणी असं नात्यानं हाक मारून पाणी विचारलेलं नाही." मी जरा खाली बघितलं. कारण त्या बिल्डिंगमध्ये मीही राहतो.

आणि मागून येणाऱ्या नामदेवशेठची काय अवस्था? त्यांना तर कुणी सोडेचना! आपलाच शेठ! ह्या घरचं प्यायलं आणि त्या घरचं नाही, तर पुढची दहा वर्षं बोलणं. बिचारे सायकलवरून उतरायचे, प्यायचे, पुन्हा चढायला दोघांची मदत घ्यायचे. त्यामुळे झालं काय, डोंगराच्या पायथ्याशी दोघेही एकाच वेळी पोचले, दोघेही पाण्यानं भरलेले, दोघेही सीटवर बसून बसून वाकडे चालणारे.

आणि पुढे डोंगर! झाड नाही हो एक. नुसता धुळीचा चढ, कडेला खाणी, वरून सूर्य आणि खालून तापलेला दगड, म्हणजे दोन्ही बाजूंनी भाजणं. पहिल्या चढावर दोघं पळाले. दुसऱ्या चढावर चालले. तिसऱ्या चढावर दोघं एकमेकांकडे बघत नुसते उभे राहिले, की हा पाऊल टाकतो का बघू, मग मी टाकतो. वळणावर एक खडीचा डंपर उभा होता, रविवारचा बंद. त्याची सावली पडली होती, सतरंजीएवढी. दोघंही त्या सावलीत जाऊन बसले.

पुढचं मला वामनरावांनी गरम पाण्यात पाय सोडून सांगितलं, म्हणून ठाऊक.

बराच वेळ नुसती धापांची जुगलबंदी. मग नामदेवशेठनी खाली बोट दाखवलं. "तो रस्ता दिसतं ना? त्या बिल्डिंगी? तिथं आमचा शेत होता. तेचे पलीकडं मिठागर. सगला गाव एका बांधावर जेवाचा. जमीन गेली, मंग कोन पनवेलला ग्येला, कोन उरनला, कोन बिल्डिंगीन. आता कनाला कनाचा तोंड दिसत नाय. लगीन निघाला का मंग सगली येतान. तवरा येक दिवस." आणि बनियननं तोंड पुसत म्हणाले, "मोठेपना मिरवाला नको मना पाच हजार, व्याही. मना गाव बगाचा हाय येकदा येके जागंला."

वामनरावांनी चष्म्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "भोईर, एक सांगू? माझ्याकडे दीडशे माणसं नाहीत."

"म्हंजे?"

"दीडशे मी फुगवून सांगितले. तरुणपण सगळं बदल्यांत गेलं, आज इथे, उद्या तिथे. गावचं घर भावानं विकलं, तिकडचं येणंजाणं सुटलं. ऑफिसातले हळहळ व्यक्त करतील आणि येणार नाहीत. पन्नास जमली तर खूप. तुमच्या मैदानात, पाच हजारांत, माझ्या मुलाच्या बाजूला पन्नास माणसं कशी दिसतील हो? म्हणून हॉल. हॉल लहान असला की भरलेला दिसतो."

हे त्यांनी सुमेधावहिनींनाही कधी सांगितलं नव्हतं. डंपरच्या सावलीत, चिखलानं भरलेल्या चड्डीत बसून सांगितलं.

नामदेवशेठनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि असे हसले की खाणीतून हसू परत आलं. "आवराच ना? आवो, मंग आमची घ्या निम्मी!"

"काय निम्मी?"

"मानसा वो! निम्मी मानसा देतो तुमाला! आडीच हजार तुमचे बाजूला बसवतो. फेटे बांधून. तुमी काय कालजी करताव?"

आणि वामनरावांना, तुम्हाला सांगतो, हसावं की रडावं कळेना. म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

तेवढ्यात वरून जीप आली, भोंगा वाजवत. "मंडळीऽऽ, स्पर्धा संपलेली आहे! सर्व स्पर्धकांचे आभाऽऽर!" हे दोघं उठून हात करताहेत, "ओ हौसेराव! आम्ही आहोत अजून! पन्नाशीवरील!" पण स्वतःच्याच भोंग्यापुढे हौसेरावांना ऐकू येतंय होय! धूळ उडवून जीप खाली गेली. म्हणजे आता पंच नाही, घड्याळ नाही, ढाल नाही. उतारावरून आरामात घरी जायचं की नाही?

पण दोघांनी एकमेकांकडे बघितलं, चड्ड्या वर ओढल्या आणि निघाले वर! सांगितलं होतं कुणी!

वर मांडववाले बांबू सोडत होते. रेषेची फीत कुणीतरी गुंडाळून नेलेली. फक्त आशुतोष आणि जागृती तिथे उभे, तोंडं सुकलेली. एक सकाळपासून बाप शोधतोय, दुसरी बाप शोधतेय. दोघं म्हातारे वळणावर दिसले तशी जागृतीनं चटकन ओढणी काढली, एक टोक आपण धरलं, दुसरं आशुतोषच्या हातात दिलं. झाली रेषा! आणि ती ओढणी दिसल्याबरोबर इतका वेळ गळ्यात गळे घालून येणाऱ्या ह्या दोघांना काय झालं कुणास ठाऊक, दोघंही सुटले! सुटले म्हणजे खरोखर पळाले! एकाचा हात दुसऱ्याच्या छातीवर, दुसऱ्याची कोपरं पहिल्याच्या बरगडीत, आणि दोघे एकदम ओढणीत घुसले, गुरफटले आणि धप्पकन मांडवाच्या कनातीवर आडवे!

"काका पहिले!" आशुतोष नामदेवशेठकडे बोट करून ओरडला.

"छे, पोंक्षेकाका पहिले!" जागृती ओरडली.

बघा, कशी तयारीची पोरं! आणि मग जमिनीवर पडल्या पडल्या सुरू झालं दुसरं भांडण. "नाही भोईर, पहिले तुम्ही." "नाय वो व्याही, तुमीच." "अहो, तुमचं पोट आधी लागलं रेषेला!" "पोट धरत नाव स्पर्धेन!"

तर लग्न झालं मैदानावर, डिसेंबरात. नामदेवशेठ शब्दाला पक्के. अडीच हजार माणसं गुलाबी फेटे बांधून नवऱ्या मुलाच्या बाजूला! वामनरावांची पन्नास त्यांत साखरेसारखी विरघळली. काय भरलेला मांडव दिसत होता हो! सुमेधावहिनींचे डोळे भरून आले.

फक्त एक घोटाळा झाला. फेटा डोक्यावर चढला आणि ती माणसं खरोखरच वराकडची झाली! अकराच्या सुमारास पहिली रुसवाफुगवी. "च्या थंड दिला! आमी वराकडची मानसा!" नामदेवशेठ धावत गेले, "आरं, तू माझा सख्खा चुलतभाऊ!" तो म्हणतो, "ते काल. आज मी पोंक्ष्यांचा! आदी मान करा, मंग जेवतो." तिकडे कुणी म्हणतंय, नवऱ्याच्या मामांना खुर्ची नाही. नवऱ्याचा मामा कोण? तर पुतळाबाईंचा भाऊ! स्वतःच्याच गावाच्या विनवण्या करता करता नामदेवशेठचा आवाज बसला. पहिल्यांदाच.

आणि आमचे वामनराव? दुपारचे तीन वाजले, सकाळपासून पोटात काही नाही, बिचारे पंगतीच्या तोंडाशी आले. फेटा नव्हता डोक्याला, फेटे कमी पडले म्हणून त्यांनी आपला कुणालातरी देऊन टाकला होता. वाढपी तरुणानं हात आडवा घातला.

"काका, थांबा जरा. आदी मुलाकडची मानसा जेवून घेऊ देत. तुमी कुनाकडचे?"

वामनरावांनी आत बघितलं. पानामागून पान, फेट्यामागून फेटा, एकही ओळखीचा चेहरा नाही, आणि सगळे त्यांचेच. एक मोठा श्वास घेतला त्यांनी.

"मुलीकडचा," म्हणाले, आणि बाजूच्या खुर्चीवर बसून राहिले.